प्रेशर बॅरलचा गॅस पुन्हा पुन्हा जातोय? सील बदलण्याआधी हे बघा

प्रेशर बॅरलचं झाकण गळतंय, सील बदललं, तरी परत गळतंय, अशी तक्रार असेल तर आणखी एक सील मागवण्याआधी जरा थांबा. सील बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. दोष असतो ते ज्या काठावर बसतं त्या काठाचा, आवळणाऱ्या हाताचा, नाहीतर आपल्याकडच्या हवेचा. हवेचा मुद्दा बॅरलसोबतच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ही बॅरलं विलायतेतल्या थंड तळघरांचा विचार करून घडवलेली आहेत आणि आपण ती ठाण्यात वापरतो, तेही मे महिन्यात.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लॅस्टिकचं साधारण २५ लिटरचं जाड पिंप, वर आट्यांचं झाकण, दोन इंची किंवा चार इंची. झाकणाखाली रबराचं सील. झाकणाच्या मधोमध पितळी वॉल्व्ह, त्यातून कार्बन डायऑक्साइडचा छोटा बल्ब मारता येतो आणि दाब फाजील झाला तर तो सुटण्याची वाटही बहुधा त्याच वॉल्व्हमध्ये असते. तळाशी नळ. आंबून तयार झालेली बिअर यात भरतात, वर थोडी साखर घालतात, उरलंसुरलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस तयार करतं. तोच गॅस बिअरमध्ये मुरतो आणि नळ उघडला की बिअर बाहेर ढकलतो. गॅस गेला की सगळंच गेलं. ग्लासात फेस नाही, नळाला जोर नाही, आणि बाहेरची हवा आत शिरली की बिअर आंबट होऊन बिघडते ती वेगळीच.

आमच्याकडे हे बॅरल आलं ते भाच्यामुळे. तो यॉर्कशरमध्ये नोकरीला आहे आणि तिथे घरी बिअर करतो. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ सालीच रद्द झाला, त्यामुळे तिकडे हा उघड आणि अगदी सभ्य छंद आहे. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा, आणि बिअर त्यातून सुटत नाही. म्हणून त्याचं जुनं बॅरल वर्तकनगरच्या आमच्या घरात आलं ते साध्या सोड्यासाठी. थंड पाणी, बल्बचा गॅस, बस्स. आलं-लिंबाचा पाक ग्लासात वेगळा. (पाक बॅरलमध्ये ओतू नका. इथल्या उकाड्यात साखरेचं पाणी आपणहून आंबायला लागतं, मग दाबाचा काही भरवसा राहत नाही.) आत बिअर आहे की सोडा याच्याशी सीलला देणंघेणं नसतं, त्यामुळे पुढचं सगळं दोघांनाही लागू. माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये देखभाल विभागात गेली, पंप, वॉल्व्ह आणि गॅस्केटांच्या संगतीत, म्हणून भाच्याचे फोन मला येतात.

गळतंय की सुटतंय?

आधी हा निकाल लावा. बॅरलचा सुरक्षा वॉल्व्ह साधारण १० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब) उघडतो आणि जादा गॅस सोडून देतो. ती गळती नव्हे, त्याचं काम आहे ते. आता खरी गोम अशी की पाणी जितकं गरम तितका त्यात गॅस कमी मुरतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाब आणि विरघळणारा वायू यांचं नातं मांडलं तेव्हापासून हे गणित कागदावर आहे. दाब १० पीएसआयवर धरला तर १२ अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे १.९ लिटर गॅस राहतो. ३० अंशांना राहतो जेमतेम १.१ लिटर.

आता इंग्लंडमधली नेहमीची कृती बघा. २३ लिटर बिअरला ८० ते १०० ग्रॅम साखर. साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मा गॅस निघतो, म्हणजे ४०-५० ग्रॅम. बिअरमध्ये आधीचा थोडा गॅस असतोच. बेरीज होते लिटरमागे दोन लिटरच्या जरा आतबाहेर, म्हणजे १२ अंशांच्या तळघरात सुरक्षा वॉल्व्ह न उघडता जेवढं बसतं जवळपास तेवढंच. कृती आणि वॉल्व्ह एकमेकांना मापून घेतलेत. हेच बॅरल आपल्याकडे ३० अंशांच्या खोलीत ठेवलं तर त्यातला बराचसा गॅस आत मावणारच नाही. वॉल्व्ह तो शांतपणे बाहेर सोडणार. तुम्ही झाकणाला कान लावणार, बारीक सूं ऐकणार आणि म्हणणार, गेलं सील.

घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी काय भट्टी लागते ते तिथले लोक जाणतात. तिथे ठेवलेलं बॅरल नव्या सीलने काय, देवाच्या सीलनेही गॅस धरणार नाही. त्याला आत आणा, घरातल्या सगळ्यात थंड फरशीवर ठेवा. ओलं गोणपाट गुंडाळायचा सल्ला मिळतो. नाशिक-पुण्याकडे कोरड्या हवेत तो चालतो, खाडीकाठच्या दमट हवेत पाणी पटकन उडतच नाही, त्यामुळे फार तर दोन-तीन अंशांचा फरक. सोड्याच्या बाबतीत उपाय सरळ आहे, पाणीच बर्फगार घ्या. पाच अंशांच्या पाण्यात त्याच १० पीएसआयला लिटरमागे सुमारे २.४ लिटर गॅस मुरतो, म्हणजे खोलीतल्या पाण्याच्या दुप्पट. बाजारातल्या सोड्याचे लिटरमागे साडेतीन-चार लिटर या बॅरलमधून कधीच मिळणार नाहीत, ती अपेक्षा सोडा.

बल्बाबद्दलही एक गणित. आठ ग्रॅमच्या बल्बातून आपल्या हवेत साडेचार लिटरच्या आसपास गॅस निघतो. पाण्यावरची रिकामी जागा पाच लिटर असेल तर एका बल्बात दाब १३ पीएसआयजवळ जातो आणि वॉल्व्ह लगेच उघडतो. काठोकाठ भरलेल्या बॅरलमध्ये बल्ब मारणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. दहा लिटर जागा ठेवा, एक बल्ब मारा, दोघांनी धरून बॅरल आडवं हलवा, गॅस पाण्यात उतरू द्या, मग पुढचा. बल्ब कार्बन डायऑक्साइडचा आणि खाण्याच्या दर्जाचाच हवा. केकवरचं क्रीम फुगवायचे बल्ब दिसायला तसेच असतात, पण त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. सायकलच्या चाकाचे बल्बही नकोत, त्यात आत तेलाचा अंश असू शकतो.

हे सगळं नीट असूनही गॅस जात असेल, तर मात्र गळती आहे. ती आता शोधू.

साबणाचं पाणी आणि पेन

बॅरलमध्ये १५ लिटर साधं पाणी भरा, म्हणजे वर दहा लिटर जागा राहील. झाकण लावा, एकच बल्ब मारा आणि हलवू नका. दाब सहा-साडेसहा पीएसआयच्या घरात येईल. हा आकडा मुद्दाम निवडलाय. सुरक्षा वॉल्व्ह उघडायला तो कमी पडतो, त्यामुळे आता जिथे बुडबुडा दिसेल ती खरी गळती. लोक भरपूर दाब देऊन तपासायला जातात आणि वॉल्व्हच्या फुसफुशीत झाकणाची गळती हरवून बसतात.

भांड्यांचा साबण चमचाभर, अर्धी वाटी पाणी. पाणी जास्त झालं तर बुडबुडा टिकत नाही. ब्रशने झाकणाच्या कडेला सगळीकडून, वॉल्व्हच्या बुडाशी, वॉल्व्हच्या रबरावर आणि नळाच्या गळ्याशी लावा. पंखा बंद करा. मोठी गळती लगेच कळते. बारीक गळतीला वेळ लागतो, एका जागी पांढरा बारीक फेस हळूहळू जमत जातो आणि पुसला तरी तिथेच पुन्हा येतो. पाच मिनिटं तरी नजर ठेवा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरा.

आता पेन घ्या. खूण तीन ठिकाणी करायची आहे: पिंपाच्या गळ्यावर, झाकणावर आणि सीलच्या कडेवर, तिन्ही एका रेषेत. गळती या रेषेपासून किती अंतरावर आहे ते लिहून ठेवा. दाब सोडा, झाकण काढा, सील काठावरून उचलून अर्धा फेरा फिरवा आणि झाकण पुन्हा लावा. पुन्हा बल्ब, पुन्हा साबण. गळती सीलबरोबर फिरली तर दोष सीलचा. पिंपावरच्या खुणेपाशीच राहिली तर दोष काठाचा. पिंप आणि सील दोन्ही जागच्या जागी, पण झाकण कमी-जास्त फिरवल्यावर गळती सरकली, तर झाकणाच्या आतली बैठक बघा. यात एखाद-दोन बल्ब जास्त जातील, पण नवीन सीलपेक्षा ते स्वस्त पडतात आणि उत्तर नक्की मिळतं.

गळती समोरासमोर दोन ठिकाणी दिसली तर पुढचं काही तपासायची गरज नाही. पिंप दोन अर्ध्या साच्यांत फुगवून केलेलं असतं. साच्याचे अर्धे भाग जिथे मिळतात तिथे पिंपाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक उंचवटा येतो आणि तो काठावरूनही जातो. डोळ्याला दिसत नाही इतका असतो कधीकधी. नख आडवं फिरवा, टक् करून लागेल. सील त्या उंचवट्यावर चढतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना केसभर फट राहते.

काठ दुरुस्त करणं

धारदार ब्लेड काठाला जवळजवळ आडवं धरून तो उंचवटा खरवडा. कापायचं नाही, खरवडायचं. हे प्लॅस्टिक मऊ असतं, घाई केली तर खड्डा पडतो आणि खड्डा उंचवट्यापेक्षा वाईट. उंचवटा नखाला लागेनासा झाला की पॉलिश पेपर. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याइतकी सपाट जागा घरात दुसरी नसते. ओटा कोरडा पुसा, त्यावर ४०० नंबरचा पेपर उताणा चिकटपट्टीने बसवा, म्हणजे खरखरीत बाजू वर, थोडं पाणी शिंपडा, रिकामं पिंप उलटं करून काठ त्यावर टेकवा आणि दाब न देता गोल गोल फिरवा. काठावर आधी पेनने रंग द्या. फिरवल्यावर रंग सगळीकडून सारखा गेला तर काठ सपाट झाला. कुठे रंग उरला तर ती जागा खोल आहे, अजून फिरवा. शेवटी ६०० नंबर. (ओट्याच्या मालकिणीची परवानगी आधी घेतलेली बरी. आमच्याकडे काम झाल्यावर ओटा व्हिनेगरने पुसून द्यावा लागला आणि ग्रॅनाइटला व्हिनेगर लावतात का म्हणून परत ऐकून घ्यावं लागलं.)

फिरवायचं गोलच. आतून बाहेर असा घासलेला एक बारीक ओरखडासुद्धा गॅसला वाट करून देतो. काठाबरोबर गोल जाणारे ओरखडे तेवढे नडत नाहीत, कारण गॅसला त्यातून फिरून बाहेर पडायला वाटच नसते. कारखान्यात फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) तोंडावर गोल चरे मुद्दाम कोरतात. म्हणून काठावर स्क्रू ड्रायव्हर घालून सील उचकटणाऱ्या माणसाच्या हातून बॅरल काढून घ्यावं.

झाकणाच्या आतली बैठकही पाहा. तिथे बहुतेक वेळा दोष नसतो, मळ असतो. बिअरच्या बॅरलमध्ये यीस्टचा वाळलेला थर, साखरेचे कण, आणि आट्यांत जमलेला चिकट राप. कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. उकळतं पाणी ओतू नका, झाकण वेडंवाकडं होतं आणि मग सरळ होत नाही. क्लोरिनचं ब्लीच रबर कडक करतं, त्यात सील भिजत ठेवायचं नाही.

आता सीलकडे

सील काढून उजेडात धरा. गोल छेदाची रिंग असेल आणि ती एका बाजूने चपटी झाली असेल तर तिचा दम गेला. रबर दाबात ठेवलं की काही काळाने ते परत फुलायचं विसरतं आणि उष्णतेत हे लवकर होतं. आपल्याकडे सील इंग्लंडपेक्षा कमी टिकतं ते यामुळे. सपाट वॉशर असेल तर तो दोन बोटांत दुमडून बघा, बाहेरच्या वळणावर बारीक भेगा उघडल्या की फेकून द्या.

नवीन घेताना जुन्या सीलचं माप देऊ नका, ते दबून पातळ आणि रुंद झालेलं असतं. झाकणातल्या खाचेचं माप घ्या, आतला व्यास, बाहेरचा व्यास, खोली, व्हर्नियरने. रिंग खाचेच्या वर डोकावली पाहिजे आणि झाकण आवळल्यावर तिच्या जाडीचा पाचवा हिस्सा, फार तर चौथा, दबला पाहिजे. त्याहून कमी दबली तर गळते, त्याहून जास्त दाबायला गेलात तर झाकण हाताने आवळतच नाही.

रबर कुठलं? नायट्राइल किंवा ईपीडीएम, दोन्ही चालतात. नायट्राइल गॅस जास्त चांगला धरतं. सिलिकॉनचं पांढरं सील दिसायला स्वच्छ, मऊ, दुकानदारही तेच पुढे करतो कारण ते खाण्याच्या कामाला नेहमी विकलं जातं. पण सिलिकॉन रबरातून गॅस आरपार झिरपतो, इतर रबरांपेक्षा कितीतरी जास्त. साबणाला एक बुडबुडा दिसणार नाही आणि तरी आठवड्याभरात जोर कमी झालेला असेल. कुणी सांगतं, सगळं तपासलं, गळती नाही, तरी दाब उतरतो, तेव्हा मी पहिलं विचारतो ते हेच, सील पांढरं आहे का.

नरम रबर घ्या. दुकानात शोअर, म्हणजे रबराच्या कडकपणाचा आकडा, विचारतील, ५० च्या आसपास सांगा. कारखान्यात आपण ७० चं वापरतो, पण तिथे बोल्ट असतात, पाना असतो. इथे आवळणार प्लॅस्टिकचं झाकण आणि ते आवळणार हात. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास कारखान्यांना माल देणारी दुकानं आहेत, तिथे मिळतं. नाही मिळालं तर मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. माप घेऊन जा आणि खाण्याच्या कामाला हवं असं स्पष्ट सांगा. नाकाला लावा, टायरचा वास आला तर परत द्या, तो वास सोड्यातही येणार. रबराची लांब दोरी (कॉर्ड) कापून सुपरग्लूने जोडलेली रिंग देतो म्हणाले तर नको म्हणा. पाण्याला ती चालून जाते, गॅस नेमका जोडातून निघतो.

ग्रीस. भाच्याला तिकडे सगळे पेट्रोलियम जेली लावायला सांगतात. नायट्राइलला ती चालते. ईपीडीएमला आणि नैसर्गिक रबराला ती चालत नाही, रबर फुगतं, मऊ होतं, काही महिन्यांनी लोळागोळा होतं. मग माणूस नवीन सील आणतो, त्यालाही जेली लावतो, आणि गाडं पुन्हा तिथेच. रबर कुठलं हे खात्रीने माहीत नसेल तर खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस वापरा. फक्त सिलिकॉनच्या सीलला सिलिकॉन ग्रीस नको, तिथे तेच फुगवतं. ग्रीस बोटाने इतकंच लावायचं की सील चमकलं पाहिजे, पांढरा थर दिसता कामा नये. आट्यांनाही थोडं.

आवळायचं किती

भाच्याशी फोनवर झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो.

"मामा, नवीन सील आणलं. परत तेच."

"झाकण किती आवळलंस?"

"होती नव्हती तेवढी ताकद लावून. वर पट्ट्याच्या पान्याने."

"मग बरोबर आहे. सील आत सरकलं असणार. उघडून बघ."

उघडलं तर सपाट वॉशर एका बाजूने झाकणाच्या आत घुसून दुमडलेला. कोरडं रबर आणि फिरतं झाकण, रबर झाकणाबरोबर ओढलं जातं, सुरकुततं आणि सुरकुतीतून गॅस जातो. म्हणून ग्रीस, आणि म्हणून हाताने बसेल तेवढं, वर पाव फेरा. पट्ट्याचा पाना झाकण उघडायला ठेवा, लावायला नको.

या बाबतीत घरचा कुकर डोक्यात ठेवून चालणार नाही. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये वाफेचा दाब झाकणाला गॅस्केटवर आणखी घट्ट बसवतो, दाब वाढेल तसं ते स्वतःच आवळतं. बॅरलमध्ये उलटं. दाब झाकण वर ढकलतो, सीलपासून दूर. चार इंची झाकणावर १० पीएसआयचा जोर भरतो सुमारे ५७ किलो. दोन इंचीवर फक्त १४. तिकडे मोठ्या तोंडाच्या बॅरलच्या तक्रारी जास्त का असतात त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. नवीन घेणार असाल आणि हात आत घालून घासायची हौस नसेल, तर दोन इंची घ्या.

प्लॅस्टिक ताणाखाली हळूहळू सैलावतं हेही खरं. रात्री घट्ट वाटलेलं झाकण सकाळी किंचित ढिलं असतं. भरण्याआधी रिकाम्या बॅरलला झाकण लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बसवा, मग कामाला घ्या. दाब आत असताना आवळायला जाऊ नका, आधी दाब सोडायचा.

टॅफलॉन टेपबद्दल सगळे विचारतात, कारण आपल्याकडे प्लंबर कुठल्याही गळतीवर आधी तीच गुंडाळतो. झाकणाच्या आट्यांवर तिचा उपयोग शून्य. इथे गॅस अडवतं ते काठावरचं सील, आटे फक्त झाकण खाली ओढतात. टेपने आटे जड होतात, झाकण लवकर घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि सील दबलेलंच नसतं. पितळी वॉल्व्ह झाकणात जिथे बसतो तिथेही आधी त्याच्या खालचा छोटा वॉशर बघा. एम-सील, फेविक्विक, बाथरूमचं सिलिकॉन, यातलं काहीही पिण्याच्या भांड्याला लावायचं नाही.

वॉल्व्ह आणि नळ

सहा पीएसआयलाही वॉल्व्हच्या रबरातून बुडबुडे येत असतील तर ते रबर कोरडं पडलंय किंवा चिरलंय. बहुतेक वॉल्व्हवर ती एक छोटी रबरी नळी किंवा पट्टी असते, पितळेतल्या भोकावर ताणून बसवलेली. काढा, भोकाभोवतीचा हिरवट थर पुसा, रबर पाण्याने ओलं करून परत बसवा. नाही थांबलं तर त्याच वॉल्व्हची मूळ पट्टी मागवा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा लावायचा मोह होतो, बसतोही बरोबर, पण तो किती दाबाला सुटेल हे कुणालाच माहीत नसतं आणि तोच या बॅरलचा एकमेव सुरक्षेचा उपाय आहे. तीच गोष्ट फुसफुस थांबावी म्हणून त्यावर चिकटपट्टी किंवा रबरबँड गुंडाळण्याची. आठवा, ५७ किलो. ते झाकण सुटलं तर छतापर्यंत जाईल आणि वाटेत तुमचा चेहरा असेल.

नळाची गळती सोपी, ती ओली असते, दिसते. नळाचा रबरी वॉशर पिंपाच्या भिंतीला लागून आहे ना, आणि नट आवळताना नळ स्वतःभोवती फिरला नाही ना, एवढं बघायचं. एका हाताने नळ धरायचा, दुसऱ्याने आतला नट. हात आत जात नसेल तर दोन इंची तोंडाचा हा एवढा एक तोटा.

वापर नसेल तेव्हा, विशेषतः पावसाळ्यात, झाकण आवळून ठेवू नका. सील काढून धुवा, पूर्ण कोरडं करा, ग्रीसचं बोट फिरवून झाकबंद पिशवीत, उन्हापासून लांब ठेवा, टांगून नाही, नाहीतर लांबट होतं. पिंपाच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधा. ऑक्टोबरात परत काढाल तेव्हा आधी ते पेन शोधा, सीलवर आणि गळ्यावर नवीन खुणा करा आणि १५ लिटर पाणी, एक बल्ब, साबण एवढी चाचणी घेऊन मगच बर्फ आणायला जा.